वाढत्या अंगाचा स्किमर

मास्तरांनी आयुष्यभर मुलांचे कपडे मोठे शिवले. चुकून नव्हे, मुद्दाम. आई पोराला गणवेशाच्या मापासाठी घेऊन आली की मास्तर गळ्यातली टेप काढून पोराच्या पाठीमागे उभे राहायचे, खांदा, छाती, उंची मोजायचे आणि जे माप निघेल त्यात आपल्या मनाने दोन बोटं घालायचे. "वाढत्या अंगाचं शिवतो," असं सांगायचे. आयांनाही तेच हवं असायचं. शाळेत निघालेलं पोरगं त्या शर्टाच्या आत कुठेतरी असायचं, एवढंच. एखादी आई कुरकुरलीच तर मास्तरांचं उत्तर ठरलेलं. "सैल वाटतंय ना? मग दूध-अंडी खायला घाला. बसेल."

दुकान पुढे, घर मागे, मध्ये पडदा. दुकानात दोन मशीनं, कापड बेतायचं एक टेबल, आणि जिथे इतर शिंपी कपडे घातलेले पुतळे उभे करतात तिथे, रस्त्याकडच्या काचेला लागून, मास्तरांची टाकी. पुरुषभर लांब, कमरेएवढ्या कपाटावर ठेवलेली, खाऱ्या पाण्याची. एक मोठं हॉटेल बंद पडलं तेव्हा तिथली ही टाकी मास्तरांनी माशांसकट उचलून आणली होती, आणि गल्लीने त्यांना वेड्यात काढलं होतं. शिंप्याला समुद्र कशाला हवा? पण त्यामागे धंद्याची अक्कल होती. लहान मूल मापाला सरळ उभं राहत नाही. ते खांदे उडवतं, टेप ओढतं, गुदगुल्या झाल्या म्हणून खाली बसतं. त्याला टाकीसमोर उभं केलं की मान सरळ, हात खाली, तोंड उघडं. मास्तर निवांत माप घ्यायचे. काही मुलं माप झालं तरी हलायची नाहीत, त्यांना आयांना काखोटीला मारून न्यावं लागायचं.

पुढे शाळांनी तयार गणवेश द्यायला सुरुवात केली. पुठ्ठ्याच्या खोक्यातून, प्लास्टिकच्या पिशवीत, लहान-मध्यम-मोठा. मास्तरांच्या दुकानात मुलं येईनाशी झाली. मासेही कमी होत गेले. काही म्हातारे होऊन मेले, काही दिले गेले, आणि नवे आणायचं राहूनच गेलं. आता त्या पुरुषभर समुद्रात तीनच मासे होते. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी, जी सदा एकमेकांना ढुशा मारत असायची आणि जिला मास्तरांची बायको 'शेजारचे' म्हणायची. आणि हाताच्या तळव्याएवढा, लिंबासारखा पिवळा, चपटा एक मासा. ती पिवळी. ती हॉटेलातून आलेली, सगळ्यांत जुनी.

मास्तरांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. त्या काजं करायच्या. मशीनची नाही, हातची. पलीकडच्या रस्त्यावरचा कोटवाला त्याच्या भारी कोटांची काजं फक्त काकूंकडून करून घ्यायचा, आणि मास्तरांचं काम ओसरलं तरी काकूंचं ओसरलं नव्हतं. याबद्दल घरात कुणी फारसं बोलत नसे. काकू टाकीशेजारी स्टूल टाकून बसायच्या आणि खाली मान घालून टाका टाकत राहायच्या.

एके दिवशी टाकीचा स्किमर बंद पडला.

टाकीखालच्या कपाटात पाण्याची आणखी एक छोटी टाकी होती, आणि तिच्यात हा स्किमर उभा असायचा. खाऱ्या पाण्यात माशांची घाण, उरलेलं खाणं विरघळून जातं, कापडाच्या गाळणीत अडकत नाही. स्किमर पाण्यात अगदी बारीक बुडबुडे सोडतो. घाण त्या बुडबुड्यांना चिकटते, फेस होऊन नळीतून वर चढते आणि वरच्या कपात जमते. कप ओतून द्यायचा. काकूंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे डाळ शिजताना वर फेस येतो तो आपण डावाने काढतो, तसं?"

"तसंच."

"मग डाव घ्या की. यंत्र कशाला?"

तर ते यंत्र हॉटेलच्या काळातलं. त्याचा पंप जळला आणि अंगाला चीर गेली. चारच दिवसांत पाण्यावर तेलकट तवंग दिसायला लागला आणि काचेतून पलीकडचा रस्ता चहात बुडवल्यासारखा दिसू लागला.

लेकीचा फोन आला तेव्हा मास्तरांनी हे सांगून टाकलं, आणि सांगितल्याबरोबर त्यांना पस्तावा झाला. लेक दुसऱ्या शहरात नोकरी करायची, मोठ्या कंपनीत, आणि आईवडिलांनी दुकान बंद करून आपल्याकडे राहायला यावं असा तिचा घोषा होता. तिने खोलीसुद्धा तयार ठेवली होती.

"झालं तर मग," फोनच्या स्पीकरवरून ती म्हणाली. "बाबा, हीच वेळ आहे. दातांच्या डॉक्टरीणबाई टाकी मागतायत ना कधीपासून? त्यांना देऊन टाका. त्यांच्याकडे लहान मुलं रडत बसलेली असतात, त्यांना बघायला तरी होईल. तुमच्याकडे कोण बघतंय?"

"येतात लोक."

"कोण? रफूवाले?"

"नवा स्किमर बसवतो. आहे काय त्यात?"

"आणि मग पुढच्या वर्षी आणखी काही बिघडेल. बाबा, त्या टाकीपायी तुम्ही दुकान सोडत नाही आणि दुकानापायी घर सोडत नाही. आई, तू सांग ना त्यांना."

काकू दाताने दोरा तोडत होत्या. "मी काय सांगू," त्या म्हणाल्या.

लेकीने तो होकार धरला. मास्तरांनीही.

"बरं, असं करू," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला होता. "नवा स्किमर घेतो. महिनाअखेरपर्यंत पाणी काचेसारखं झालं तर टाकी राहिली. नाही झालं तर डॉक्टरीणबाईंना सांग, घेऊन जा म्हणावं. मग आम्ही येतो तुझ्याकडे. शब्द."

"शब्द?"

"शिंप्याचा शब्द."

"शिंप्याचा नको, बाबा. शिंप्याने 'परवा देतो' म्हटलेलं मी आयुष्यभर ऐकलंय. बापाचा द्या."

त्यांनी बापाचा दिला.

माशांचं दुकान चिमणी चालवायची. चिमणी हे तिचं शाळेत पडलेलं नाव; अंगाने बारकी, उंचीने बेताची, केस मुलासारखे कापलेले. दुकानात शिरलं की पंपांची घरघर आणि ओलसर मिठाचा वास. मास्तर आणि काकू आत आले तशी ती बादलीतून हात काढून, पँटला पुसत पुढे आली.

"या मास्तर. काकू, तुम्ही पण? आज सूर्य कुठून उगवला?"

"ह्यांना एकट्याला सोडायचं नाही असं ठरवलंय," काकू म्हणाल्या.

चिमणीने तीन स्किमर टेबलावर मांडले. लहान, मधला आणि मोठा. लहान बाटलीएवढा होता. मधला कोपरापर्यंत येईल एवढा. मोठा म्हणजे जवळजवळ दुधाचा कॅन, त्याची वर जाणारी नळी मनगटाहून जाड आणि वर झाकणवाला टोपासारखा कप.

मास्तर थेट मोठ्यापाशी गेले. त्यावर हात फिरवला. कापडाचा पोत बघावा तसा.

"किती मासे आहेत आता?" चिमणीने विचारलं.

"टाकी केवढी आहे माहिती आहे ना तुला?"

"टाकी माहिती आहे. मासे किती?"

"तीन," काकू म्हणाल्या.

"मग मोठा घेऊ नका. टाकीच्या मापाने स्किमर घ्यायचा नसतो, मास्तर. माशांच्या मापाने घ्यायचा. तीन मासे, खाणार किती, घाण करणार किती? या मोठ्याची नळी बघा. हिच्यातून फेस वर चढायला खाली घाण पाहिजे भरपूर. तुमच्या टाकीत तेवढी घाणच नाही. बुडबुडे येतील, अर्ध्यावर फुटतील आणि परत खाली. मधला घ्या. याला इथे चावी आहे, घट्ट-सैल करता येतो. आणखी दोन-चार मासे आणलेत तरी पुरेल."

"आणि दहा आणले तर?"

"आणणार आहात?"

मास्तरांनी मधला उचलून बघितला, खाली ठेवला. "पुढे वाढले म्हणजे परत बदलावा लागेल. त्यापेक्षा एकदाच मोठा घेतलेला बरा. असू दे घरात. मोठ्यात लहान मावतं, लहानात मोठं मावत नाही."

चिमणीने काकूंकडे पाहिलं आणि हसली. "काकू, माझा दुसरीतला गणवेश आठवतोय? मास्तरांनीच शिवला होता. वाढत्या अंगाचा. आईने सांगितलं, आता हा चौथीपर्यंत बघायला नको. चौथी गेली, सातवी गेली. मी वाढलेच नाही! वर्गात मला म्हणायचे, तंबू आला. खाली वाकले की मागून बाईंना वाटायचं, कुणीतरी कपडे वाळत घातलेत."

काकू हसता हसता टेबलाला टेकल्या. मास्तरसुद्धा हसले, पण बोट मोठ्या स्किमरवरच होतं. "हाच बांध."

"अहो, नाकापेक्षा मोती जड होतोय," काकू म्हणाल्या.

"तुला यातलं काय कळतं?"

"एवढं कळतं की लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. तुम्ही पाय वाढतील म्हणून अंथरूण शिवता."

चिमणीने मोठा बांधून दिला. देताना म्हणाली, "खोकं फेकू नका, मास्तर."

"का?"

"असंच. चांगलं खोकं आहे."

घरी आल्यावर कळलं की मोठा स्किमर कपाटात उभा राहतो, पण कप काढायला वर हात घालायची जागा उरत नाही. मास्तरांनी टेप काढली, मापं घेतली, आणि कपाटाची आतली फळी करवतीने कापली. त्या फळीवर काकूंचे दोऱ्यांचे डबे असायचे. ते टेबलाखाली गेले.

यंत्र सुरू झालं. नळीत दुधासारखे पांढरे बुडबुडे दाटले, वर चढले, मध्यापर्यंत आले आणि तिथेच विरले. मास्तर गुडघ्यावर बसून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तेच. चिमणी म्हणाली होती, नव्या यंत्राला रुळायला आठवडाभर लागतो, म्हणून आठवडा थांबले. कप कोरडाच. पाणी होतं तसंच, चहाच्या रंगाचं. मास्तरांनी पाण्याची पातळी वर-खाली करून बघितली, पंप उघडून धुतला, हवेच्या नळीत फुंकर मारली. गिऱ्हाईक आलं तरी कपाटातून डोकं बाहेर काढेनात. एक बाई मुलाचा तयार गणवेश आत घ्यायला घेऊन आली होती, फार ढगळ होता म्हणून. "नंतर या," मास्तर कपाटातून बोलले, आणि ती बाई नेमकं कोण बोललं ते शोधत परत गेली.

आता जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं. एखाद्या इंजिनियरने यंत्र परत केलं असतं, एखाद्या आळशाने नशिबाला दोष दिला असता. मास्तरांनी विचार केला तो शिंप्याने करावा तसा. यंत्र चांगलं आहे, मोठं आहे, इतकंच. आत बसणारं अंग कमी पडतंय. घाण कमी पडते म्हणून फेस येत नाही, असं ती पोरगी म्हणालीच होती. मग घाण वाढवली पाहिजे. म्हणजे मासे वाढवायचे, किंवा आहेत त्यांना जास्त खायला घालायचं.

त्यांनी जास्त खायला घातलं.

सकाळी एकदा घालायचे ते तीनदा घालू लागले. दाणे, बर्फात गोठवलेल्या कोळंबीचे तुकडे, पिवळीसाठी वाळवलेल्या शेवाळाच्या पट्ट्या. 'शेजारचे' ढुशा मारायचं विसरून खाण्यामागे धावले. जे खाल्लं नाही ते तळाच्या दगडांत जाऊन बसलं. आणि खरोखर, काही दिवसांनी फेस नळीत वर सरकला, गळ्याशी आला, आणि एका सकाळी कपात बोटभर काळपट पाणी जमलं होतं. इतकं घाण वासाचं की मास्तरांना आनंदाने गहिवरून आलं.

"अगं बघ! बघ, चालला!"

काकूंनी पदराने नाक झाकलं. "शी! हे यश आहे होय?"

"म्हणालो नव्हतो? मोठाच लागतो."

पण पाणी काही निवळलं नाही. गढूळ झालं. आधी चहासारखं होतं, आता त्यात कुणी दूध घातल्यासारखं दिसू लागलं. मास्तरांना वाटलं, यंत्र आत्ता कुठे कामाला लागलंय, साफ करेल हळूहळू. ते खायला घालत राहिले.

पिवळीचं बदलणं आधी काकूंच्या लक्षात आलं. टाकीवरचा पांढरा दिवा दुकानातला सगळ्यांत चांगला उजेड, आणि काकू कितीतरी वर्षं त्या उजेडात काजं करत होत्या. मान वर केली की समोर पिवळी. ती काचेपाशी यायची, काकूंच्या सुईच्या टोकाची चमक बघत तिथेच तरंगत राहायची. त्या दिवशी ती आली नाही. मागच्या कोपऱ्यात, दगडाला टेकून होती. अंगावरचा पिवळा रंग उडालेला, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा. कल्ले भराभर हलत होते, जिना चढून आलेल्या म्हाताऱ्या बाईच्या छातीसारखे.

काकूंनी कोट मांडीवरून बाजूला ठेवला. मास्तर पलीकडे डबा उघडून चिमूटभर दाणे काढत होते.

"काय करताय?"

"खायला घालतोय."

"आत्ता सकाळी घातलं होतं ना?"

"थोडंसं. फेस परत खाली बसलाय. थोडं घातलं की येईल वर."

काकू बघतच राहिल्या. मग उठल्या, त्यांच्या हातातून डबा काढून घेतला आणि झाकण लावलं.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही यंत्राला जेवू घालताय?"

हातातले चिमूटभर दाणे कुठे टाकावेत ते मास्तरांना कळेना. शेवटी ते शर्टाच्या खिशात टाकले.

काकूंनी चिमणीला फोन केला. ती लगेच आली, काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं, त्यात बाटलीतले थेंब टाकले. पाणी हिरवंगार झालं. तिने नळी उजेडात धरली आणि मास्तरांना दाखवली. "हे पिवळं राहायला पाहिजे. हे विष आहे, मास्तर. किती घालताय खायला?"

मास्तर खिशाशी चाळा करत राहिले.

"फेस येत नव्हता," काकू त्यांच्या वतीने म्हणाल्या.

चिमणीने एकदा स्किमरकडे, एकदा डब्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. ती हसली नाही, हे काकूंना फार बरं वाटलं. ती म्हणाली, "आता दोन दिवस दाणासुद्धा घालायचा नाही. पाणी बदलायचं, थोडं थोडं करून. मीठ कालवून ठेवा आजच, म्हणजे नीट विरघळेल. पिवळी म्हातारी आहे. सांगता येत नाही. पण तग धरते बघा ही जात."

दोघांनी मिळून पिंपात मीठ कालवलं. मास्तर काठीने ढवळत होते, काकू वरून पाणी ओतत होत्या. मागच्या खोलीत दमट खारा वास भरला.

"कपडा मोठा झाला म्हणून कुणी पोराला कोंबून कोंबून खायला घालतं का?" काकू शेवटी म्हणाल्या. "तुम्ही गंमतीत म्हणायचात ते लोकांना. मला काय माहीत, खरंच वाटतं तुम्हाला तसं."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

मास्तरांनी ढवळणं थांबवलं. "मधला घेतला असता म्हणजे ठरलंच असतं ना. तीनच मासे. यापुढे कोणी येणार नाही, असंच ना ते?" ते काठीकडे बघत होते. "मला वाटलं, मोठा असला म्हणजे आणता येतील. पोरं परत येतील असं नाही म्हणत मी. पण आलीच तर."

काकूंनी बादली खाली ठेवली. एवढं बोलणारा माणूस नव्हता तो.

"कोटाला माया कुठे ठेवता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"माया? शिवणीत. आत."

"का?"

"पुढे सैल करायला लागलं तर उसवून सोडता येते."

"आणि बाहेरून?"

"बाहेरून कोट मापातच दिसायला पाहिजे."

"हे तुम्हीच शिकवलंत मला, लग्नानंतर पहिल्या महिन्यात. मोठ्यांच्या कोटाला तुम्ही माया आत ठेवता, आणि पोरांच्या कपड्याला सगळी बाहेर लोंबत. का? तर म्हणे वाढतं अंग. आपल्या लेकीला जन्मात एक फ्रॉक मापाचा मिळाला नाही. चिमणी म्हणाली होती ना, त्या मधल्याला चावी आहे म्हणून? घट्ट-सैल होतो म्हणून? मग तीच माया. आत आहे ती. आणा तो."

"आणि टाकी? महिनाअखेर आली. पाणी हे असं."

"आधी पिवळी तर जगू दे."

खोकं टाकलेलं नव्हतं. चिमणीने येऊन मोठा स्किमर परत घेतला आणि मधला दिला, एक अक्षर न बोलता. फक्त दारातून जाताना मास्तरांना ऐकू जाईल असं काकूंना म्हणाली, "माझा गणवेश पण परत घ्यायचे का हो तेव्हा?"

"आण की अजून," मास्तर म्हणाले. "आत घेऊन देतो."

मधला स्किमर कापलेल्या फळीखाली अगदी ऐसपैस उभा राहिला, वर वीतभर जागा उरली. पहिले काही दिवस त्यानेही कप कोरडाच ठेवला. मास्तर बघायचे आणि हात मागे बांधून निघून जायचे. रोज थोडं पाणी बदलायचे. दाण्यांचा डबा काकूंनी दोऱ्यांच्या डब्यांत ठेवला होता, तो मागायची त्यांची छाती नव्हती. पिवळी कोपऱ्यात होती. मेली नव्हती, एवढंच म्हणता येत होतं.

महिनाअखेरीला दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. भल्या बाई. बरोबर टाकी उचलायला माणसं आणण्याआधी आपण नीट माप घ्यावं म्हणून स्वतः आल्या होत्या, आणि माप घ्यायला टेप मास्तरांकडेच मागितली. मास्तरांनी गळ्यातली काढून दिली.

पाणी निवळलं होतं, पण काचेसारखं झालं नव्हतं. उजेडात हलकीशी झाक दिसत होती, पातळ केलेल्या चहासारखी. शब्दाप्रमाणे बघायचं तर मास्तर हरले होते. त्यांनी ते स्वतःच सांगितलं. "पाणी झालं नाही पूर्ण. लेकीला शब्द दिलाय. न्या तुम्ही." आणि ते बेतायच्या टेबलामागे जाऊन उभे राहिले, जिथून टाकी दिसत नाही.

"मला वाईट वाटतंय हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तुम्ही जाणारच आहात असं तुमची लेक म्हणाली फोनवर. आणि आमच्याकडे मुलं इतकी रडतात. निदान एखादं तरी तोंड बंद करेल, नाही, उघडेल." स्वतःच्याच बोलण्यावर त्या हसल्या आणि टेपचं टोक काचेला लावलं.

पिवळी पुढे आली होती. रंग पुरता परतला नव्हता, शेपटीकडे अजून फिकट होता. पण ती काचेपाशी येऊन काकूंच्या हातातल्या सुईसमोर थांबली होती.

"नाही," काकू म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंना वाटलं, टेप चुकीची धरली. "इथून नको का?"

"कुठूनच नको. टाकी द्यायची नाही."

टेबलामागून मास्तर म्हणाले, "अगं, शब्द दिलाय मी."

"तुम्ही दिलाय. मी नाही दिला." काकूंनी सुई कोटात खोचली. "डॉक्टरीणबाई, वाईट वाटून घेऊ नका. ती चिमणी आहे ना, माशांच्या दुकानातली, तिच्याकडून नवी घ्या. ती बसवूनही देईल. एक भलामोठा स्किमर तिच्याकडे पडूनच आहे, फार खाणारा आहे फक्त. तुमच्याकडे पोरं भरपूर, मासेही भरपूर ठेवा, म्हणजे चालेल."

डॉक्टरीणबाई गोंधळल्या, पण चिडल्या नाहीत. टेप गुंडाळून टेबलावर ठेवली. जाताना स्वतःच्या पांढऱ्या कोटाचं एक तुटायला आलेलं बटण दाखवून विचारलं, हे लावून मिळेल का. मास्तरांनी मुकाट्याने कोट घेतला.

त्या गेल्यावर काकूंनी लेकीला फोन लावला. मास्तर कपाटासमोर गुडघ्यावर बसून कप बघत होते. त्यात तळाशी थोडंसं, चमचाभर, तपकिरी पाणी होतं.

"आई? नेली का टाकी?"

"नाही. मी नाही म्हटलं."

"तू? आई, तू तर माझ्या बाजूने होतीस ना?"

"मी कधी म्हटलं तसं?"

"मी विचारलं तेव्हा 'मी काय सांगू' म्हणालीस."

"तेच म्हणाले. मला विचारलंसच नाहीस तू. 'बाबांना सांग' म्हणालीस. यांनीही विचारलं नाही. तुझ्याकडे खोली आहे, मला माहिती आहे, चांगली आहे. पण मी तिथे करू काय? इथे मला काम आहे, गिऱ्हाईक आहे, बसायला उजेड आहे. यांचं नसेल राहिलं. माझं आहे."

मास्तरांनी कप काढला होता. तो हातात धरून ते तसेच बसून राहिले. सांडेल म्हणून हलले नाहीत.

लेकीचा आवाज आता बारीक झाला होता. "मग आता विचारते. काय हवंय तुला, आई?"

काकूंना हा प्रश्न कुणी विचारल्याचं आठवत नव्हतं, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. त्यांनी दुकानात नजर फिरवली. मशीनं, टेबल, हात आखडून बसलेला नवरा, टाकीत परत एकमेकांना ढुशा मारू लागलेले शेजारचे.

"तू ये," त्या म्हणाल्या. "सुट्टी काढून चार दिवस ये, मग बोलू बसून. आणि हे बघ, येताना टाकीसाठीचं मीठ आण एक पोतं. इथलं संपत आलंय."

"मीठ? आई, मी एवढ्या लांबून मीठ आणू?"

"आण," काकू म्हणाल्या. "आणि उठा हो तुम्ही, तो कप ओतून या आधी. सगळं दुकान घाण मारतंय."